खाटांचं लोकार्पण

आमच्या वसाहतीत एक धर्मादाय संस्था आहे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते वसाहतीतल्या प्रत्येक बाकाच्या पाठीवर, पाण्याच्या कूलरवर आणि हॉलमधल्या पंख्यांच्या पात्यांवर आधीच लिहिलेलं आहे. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून मध्यंतरी त्यांनी पंखे हळू फिरवण्याची सूचना लावली होती, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. पण ऐकणाऱ्यांपैकी एकानेही आजवर शंका घेतलेली नाही.

मुलुंडला स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आमच्या जुन्या चार मजली इमारतींची रांग आहे. इथली बहुतेक घरं कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची. गिरण्या बंद पडल्या तसे कुणी वॉचमन झाले, कुणी रिक्षा घेतली, कुणी बँकेत शिपाई लागले. माझे वडील त्यातलेच. गिरणी गेल्यावर ते एका औषध कंपनीच्या गेटवर उभे राहिले, आणि रविवारी सकाळी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायला लागले. गणपतीच्या वर्गणीतून जे उरायचं त्याची त्यांनी आणि त्यांच्या काही सोबत्यांनी संस्था केली होती. कुणाकडे आजारपण आलं, कुणाच्या मुलीची फी अडली, की त्यातून मदत जायची. नियम एकच होता, शेजारच्या घराला कळता कामा नये. बाबा पाकीट पिठाच्या डब्याखाली सरकवायचे आणि चहा न घेता उठायचे.

ते सोबती एकेक करून गेले. बाबांचे गुडघे दुखायला लागले. मग शेजारचा भूखंड बांधणाऱ्या बिल्डरने संस्थेला भलीमोठी देणगी दिली, आणि जन्मात कधी कुणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभं न राहिलेली माणसं विश्वस्त व्हायला पुढे सरसावली. अध्यक्ष झाले ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब. निवृत्तीनंतर त्यांना सही करायला काही उरलं नव्हतं, ती सोय संस्थेने केली. सचिव झाला तो शाळेत माझ्याच वर्गात होता. त्याचा केटरिंगचा धंदा आहे. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमातला वडा त्याच्याकडून येतो, आणि वडा खपावा म्हणूनच कार्यक्रम होतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

तेव्हापासून आमच्याकडे मदत जात नाही, मदतीचं वाटप होतं. फोटोसाठी एका वहीला पाच विश्वस्त हात लावतात आणि त्या पाच हातांच्या मागे कुठेतरी ती घेणारी मुलगी असते. ज्येष्ठ नागरिक संघाला काठ्यांसाठी अनुदान मिळालं, तर स्टेजवर धडधाकट चालत जाऊन लोक काठ्या घेऊन आले आणि घरी जाऊन त्यांनी त्यावर टॉवेल वाळत घातले. हास्यक्लबला टी-शर्ट मिळाले. पाठीवर अध्यक्षांचा हसरा चेहरा, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना हसायला निदान कारण तरी मिळालं. सगळ्यावर कडी म्हणजे बायकांच्या भजनी मंडळाची पेटी. सचिवाने संस्थेचा हा एवढा मोठा स्टिकर आणला आणि नाव ठसठशीत दिसावं म्हणून तो पेटीच्या भात्यावर आडवा चिकटवला. भाताच उघडेना. पहिल्या गुरुवारी बायकांनी टाळ्यांवर भजनं म्हटली. स्टिकर ओला करून काढताना भात्याचं कापड फाटलं ते वेगळंच.

मी हे सगळं घरी रंगवून सांगायचे. आई तोंडाला पदर लावून हसायची. बाबांना मात्र आवडायचं नाही.

“हसाक काय झाला? कामा करतत ना? आमच्याकडे पेटी घेण्याइतके पैसे तरी होते काय?”

संस्थेबद्दल वाकडा शब्द त्यांना खपत नसे. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीबद्दल बोलावं तसे ते तिच्याबद्दल बोलायचे. ती कशी नांदते यावर त्यांचा काही अधिकार उरला नव्हता, पण ती त्यांची होती.

श्रावणात बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. हॉस्पिटलातून घरी पाठवताना डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. लाकडी दिवाणावर यांना ठेवू नका, म्हणाले. हँडल फिरवून डोकं वर करता येतं तसला बेड आणा आणि वर हवेची गादी घाला. नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि या वयात त्या भरत नाहीत. शिवाय आडवं असताना भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाईल, तेही जिवावर बेतू शकतं.

मी बीकेसीतल्या एका विमा कंपनीत नोकरी करते. भाड्याने बेड घेणं मला जड नव्हतं. घाटकोपरच्या एका रुग्णसाहित्याच्या दुकानात फोन केला, त्यांची माणसं दुसऱ्या दिवशी बेड घेऊन दारात उभी राहिली. पण त्याच सुमारास संस्थेने ‘गरजू रहिवाशांसाठी’ म्हणून तसलेच नवेकोरे बेड आणले होते आणि वसाहतीच्या ग्रुपवर त्यांचे फोटो आले होते. ते बाबांनी पाहिले होते. दुकानाची माणसं बघितल्यावर त्यांनी उजव्या हाताने दिवाणाची कड धरली ती सोडेनात.

“भायरची खाट नको,” एकेक शब्द ओढून ते म्हणाले. “संस्थेत खाटा असत. मी संस्थेचो माणूस, आणि मीच भायरसून आणूची? लोक काय म्हणतले?”

त्या हातात आता जोर असा उरला नव्हता. मी बोटं सोडवू शकले असते. पण ते रडायला लागले, आणि माझ्या वडिलांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मी बेड परत पाठवला आणि रविवारी संस्थेकडे गेले.

रविवारी सकाळी हॉलमध्ये समिती बसते. टेबलामागे विश्वस्त, टेबलावर वडे, आणि टेबलासमोर अर्ज घेऊन उभे असलेले लोक. उभेच, कारण अर्जदाराला खुर्ची देण्याची पद्धत नाही. भिंतीला लागून ते बेड ओळीने मांडलेले होते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. अध्यक्ष मला बघून अर्धवट उठले.

“आपले वडील म्हणजे संस्थेचा पाया. आम्हाला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.”

“त्यांना बेड हवाय,” मी म्हणाले.

“अवश्य. पहिला मान त्यांचाच. फक्त लोकार्पण झालं की.”

मला आधी कळलंच नाही. मग सचिवाने समजावलं. बेडचं लोकार्पण व्हायचं होतं. त्यासाठी मोठे पाहुणे येणार होते, त्यांची तारीख मिळायची होती. पाहुण्यांच्या हस्ते फीत कापल्याशिवाय प्लास्टिक काढायचं नाही असा ठराव झालेला होता. हे सांगताना तो त्यातल्याच एका बेडवर बसला होता, कारण खुर्च्या दुसऱ्या हॉलला दिल्या होत्या. तो मांडी बदलायचा तसं खालचं प्लास्टिक चुरचुरायचं.

“अरे, तू त्याच्यावर बसलायस,” मी म्हणाले.

“बसणं वेगळं आणि वापर वेगळा गं. तू आपलीच आहेस, तुला काय सांगायचं? पण प्रोटोकॉल असतो ना यार.”

पाहुणे परदेशी गेले होते. ते परतले तोवर गणपती आले आणि हॉल मूर्तीसाठी लागला म्हणून बेड स्टेजच्या मागे ढकलले गेले. विसर्जनानंतर मी पुन्हा गेले, तर पितृपक्ष लागला होता. अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “पितृपक्षात रुग्णांच्या वस्तूंचं उद्घाटन… आपणच विचार करा, बरं दिसेल का?” मी म्हटलं, माझे वडील अजून पितर झालेले नाहीत, होऊ नयेत म्हणूनच मी आलेय. त्यावर ते समजूतदारपणे हसले. माझ्यासारख्या तापट बायका त्यांनी नोकरीत खूप पाहिल्या असाव्यात, आणि सगळ्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं असावं.

नवरात्रात बेडवर गरब्याचे स्पीकर ठेवले होते. नवरात्र संपलं आणि आचारसंहिता लागली. पाहुणे राजकारणातले, त्यामुळे निवडणूक होईपर्यंत त्यांना फीत कापता येईना. “मग दुसऱ्या कुणाच्या हस्ते करा,” मी म्हणाले. “वॉचमनच्या हस्ते करा. माझ्या आईच्या हस्ते करा.” सचिवाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पाहुण्यांच्या नावाने पत्रिका छापून झाल्या होत्या.

या सगळ्या काळात बाबा दिवाणावर होते. हवेची गादी मी औषधांबरोबर आलीय असं सांगून आणली होती, पण ती अरुंद दिवाणावर एका बाजूला सरकायची. आई त्यांच्या पाठीमागे स्वतः बसून त्यांना छातीशी टेकवून भरवायची. ती सत्तरीची, आणि बाबा अंगाने थोराड. पेज भरवताना ठसका लागला की ते निळे पडायचे आणि आई देवाची नावं घेत पाठ चोळायची. प्रत्येक वेळी मी घरात येरझारा घालत संस्थेला शिव्या द्यायचे आणि बाबा ठसक्यातून सावरले की उजवा हात हलवून मला गप्प करायचे.

“येतली खाट,” ते म्हणायचे. “त्येंच्या पण अडचणी असतत.”

मला त्यांचा राग यायचा. आजही येतो. स्वतःच्या पाठीपेक्षा माणसाला एका पाटीचा अभिमान मोठा वाटावा, आणि तीही अशा माणसांच्या हातात गेलेल्या पाटीचा, हे मला कधी कळलं नाही. पण ज्यांच्यावर बाबा एवढा विश्वास टाकून पडले होते ते लोक तीनशे पावलांवर पाहुण्यांची तारीख जुळवत बसले होते, त्यांच्याबद्दल मला राग नाही. राग यायला समोर माणूस लागतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आईने मला मोरीत बोलावलं. बाबांची पाठ पुसलेला पंचा तिच्या हातात होता. त्याला रक्त लागलं होतं आणि वास येत होता.

“ती दुकानातली खाट परत आण,” ती म्हणाली. “मी बघतंय ह्येंका.”

दुकानाची माणसं पुन्हा आली. या वेळी आई त्यांना जिन्यातच गाठून म्हणाली, “संस्थेतसून इलंव म्हणान सांगा हां. घरात म्हातारो माणूस असा.” दुकानाचा मालक स्वतः आला होता, घाटकोपरचा गुजराती माणूस. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि म्हणाला, “चालेल ना काकी. त्यात काय?” बेडच्या पायथ्याच्या फळीवर बाहेरच्या बाजूने त्याच्या दुकानाचं नाव रंगवलेलं होतं. झोपलेल्या माणसाला ते दिसलं नसतं, पण भेटायला येणारे वाचतील आणि बोलतील म्हणून आईने त्यावर टॉवेल टाकला. तो टॉवेल पुढे कधी हलला नाही. धुवायला गेला की दुसरा यायचा.

बाबांना बेडवर घेतलं, हँडल फिरवलं, आणि त्यांचं डोकं हळूहळू वर आलं. श्रावणापासून त्यांच्यासमोर बहुतेक वेळ छतच होतं. आता खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे हॉलचे पत्रे. बराच वेळ ते पत्र्यांकडे बघत राहिले. मग उजव्या हाताने बेडचा कठडा चाचपला.

“बघ,” ते मला म्हणाले, “मी काय सांगत होतंय? आपली माणसां असत ती.”

मी आत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. आनंदाने अजिबात नाही. ज्यांनी काडीचं काम केलं नाही त्यांना माझ्या वडिलांचा आशीर्वाद फुकट मिळाला होता, आणि तो मी परत मागू शकत नव्हते.

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं. पण बाबांनी शेजारणीकडून फोनवर रेकॉर्डिंग करून घेतलं आणि वसाहतीच्या ग्रुपवर आपल्या तुटक आवाजात संस्थेचे आभार मानले. आजारी माणसाची अडचण ओळखून ठराव बाजूला ठेवला, हीच खरी सेवा, असं काहीसं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला वाटलं, आता बोंब होणार. कुणीतरी विचारणार की बेड दिला कोणी?

कुणीही विचारलं नाही. नंतर मला कळलं ते असं. अध्यक्षांना वाटलं, सचिवाने वर्गमैत्रिणीसाठी गुपचूप एक बेड सोडला. सचिवाला वाटलं, अध्यक्षांनी परस्पर हुकूम दिला. इतर विश्वस्तांना वाटलं, आपण ज्या सभेला गेलो नव्हतो त्या सभेत हे ठरलं असणार. आणि कौतुक होतंय म्हटल्यावर ‘हे मी केलं नाही’ असं म्हणणारा त्यांच्यात एकही निघाला नाही. हॉलमध्ये जाऊन भिंतीशी किती बेड आहेत हे बघायला फार वेळ लागला नसता. पण तिथे जाऊन बघायचं म्हणजे काम झालं, आणि ते संस्थेच्या परंपरेत बसत नव्हतं.

निवडणूक पार पडली. लोकार्पणाची तारीख ठरली. आणि एका सकाळी अध्यक्ष, सचिव आणि एक फोटोग्राफर असे आमच्या दारात उभे राहिले. फ्लेक्ससाठी लाभार्थ्याचा फोटो हवा होता, आणि लाभार्थी तर अजून बाबांशिवाय कुणीच नव्हता.

बाबांचा चेहरा उजळला. आईने त्यांना धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. अध्यक्ष बेडच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. डावा खांदा, त्यामुळे बाबांना तो कळलाही नसेल. बाबांनी उजवा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, “उपकार झाले साहेब.”

“अहो, आमचं कर्तव्य,” अध्यक्ष म्हणाले.

फोटोग्राफरला टॉवेल खटकला. “तो जरा काढा ना, फ्रेममध्ये घाण दिसतोय.” मी पुढे होईपर्यंत सचिवाने टॉवेल उचलला होता. फळीवर लाल अक्षरांत घाटकोपरच्या दुकानाचं नाव, फोन नंबर आणि ‘सर्व प्रकारचे बेड भाड्याने मिळतील’. त्याने ते वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझी गणितं उतरवायचा, तेव्हाही पकडला गेला की त्याचा चेहरा असाच कोरा व्हायचा.

बाबा आमच्याकडे बघत होते. मी काही बोलले असते तर ते त्यांनी ऐकलं असतं.

सचिवाने पिशवीतून संस्थेचा स्टिकर काढला. पेटीवर लावला होता तसलाच, हा एवढा मोठा. पाठचा कागद सोलला आणि दुकानाच्या नावावर नीट, चारही कोपरे दाबून चिकटवला. एकही बुडबुडा राहू दिला नाही. त्याला आयुष्यात मी इतकं मन लावून काही करताना पाहिलेलं नाही.

“झकास,” फोटोग्राफर म्हणाला.

ते गेल्यावर आई मला म्हणाली, “गप ऱ्हव गो. आता टॉवेल धुवचो तरी नको.” तिचंही खरं होतं. आमच्या खोट्यावर खुद्द संस्थेनेच शिक्कामोर्तब करून दिलं होतं.

लोकार्पण झालं. पाहुण्यांनी फीत कापली, वडे झाले. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यात अध्यक्ष मोठे आणि बाबा त्यांच्या कमरेएवढे. बेड मात्र हॉलमध्येच राहिले, कारण ते कुणाला द्यायचे, परत कोण आणणार, मोडले तर कोण भरणार हे ठरवायला उपसमिती नेमायची होती. वर नुसतं प्लास्टिक होतं, आता त्यावर शिळे हार आले.

बाबांची जखम भरली नाही. फार उशीर झाला होता. डॉक्टर ड्रेसिंग करायचे तेव्हा बाबा कठडा घट्ट धरायचे. आईने एकदा विचारलं, फार दुखतं का? तर म्हणाले, “खाट बरी असा.” शिमग्याच्या आधी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना कुणी खरं सांगितलं नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तेराव्यानंतर दुकानाचा मालक टेम्पो घेऊन बेड न्यायला आला. त्याच्या माणसांनी बेड सुटा करून खाली उतरवला. आई आणि मी बरोबर खाली गेलो. पायथ्याची फळी टेम्पोत चढवत असताना सकाळच्या फेरफटक्याहून अध्यक्ष येत होते, बरोबर सचिव होता. स्टिकर पाहिला आणि अध्यक्षांनी काठी आडवी धरली.

“थांबा, थांबा. ही संस्थेची मालमत्ता आहे. अशी परस्पर कुठे नेताय?” मग माझ्याकडे वळून, मवाळ आवाजात, “आपलं दुःख मी समजू शकतो. पण वस्तू संस्थेकडे जमा व्हायला हवी होती. नियम आहेत.”

सचिव बुटांकडे बघत होता. मी तोंड उघडणार होते. कित्येक महिन्यांचं साठलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण दुकानाच्या मालकाने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला आणि तो सरळ सोलून काढला. खालून लाल अक्षरं आली. अध्यक्षांनी चष्मा सारखा करून ती वाचली, फोन नंबरसकट. मग सचिवाकडे पाहिलं. सचिव अजून बुटांकडेच बघत होता.

मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. नाक्यावर अजून तो फ्लेक्स होता. ज्या माणसाने त्याला हात जोडले त्याचं तेरावं नुकतंच झालं होतं, आणि त्याची बायको पांढऱ्या कपाळाने समोर उभी होती. काहीतरी, निदान खोटं का होईना, बोलेल.

अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

“म्हणजे आपले बेड सगळे हॉलमध्येच आहेत?” त्यांनी सचिवाला विचारलं. “एकही बाहेर गेलेला नाही?”

सचिवाला उत्तर द्यावं लागलं नाही. आईने दिलं.

“होय तर. सगळे थयच असत. कोण झोपाक नाय त्येंच्यार.”

अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली. “तेच तर महत्त्वाचं,” ते म्हणाले, आणि टेम्पोला वाट करून दिली.